हिंमत किती ते नको, तास किती ते सांगा

एका वाचकाचं पत्र आलंय. थोडक्यात असं आहे:

"सप्रेम नमस्कार. वय 36, डिप्लोमा मेकॅनिकल. भोसरीतल्या एका कंपनीत 13 वर्षं व्हीएमसीवर (धातूचे पार्ट कापणाऱ्या संगणकीय मशीनवर) सेटिंग आणि प्रोग्रॅमिंग करतो. हातात 48 हजार येतात, घरखर्च आणि घराचा हप्ता मिळून 45 हजार जातात. पत्नी बी.कॉम., सध्या नोकरी करत नाही. मुलगी तिसरीत, आई आमच्याकडे. पीएफ सोडून बचत 9 लाख. एक जुनं व्हीएमसी मिळतंय. टूलिंग, कॉम्प्रेसर, स्टॅबिलायझर, गाळ्याचं डिपॉझिट धरून 18 लाख. त्यातले 12 लाख कर्ज, 6 माझे. जुना सहकारी एका मोठ्या व्हेंडरकडे परचेसमध्ये आहे. तो म्हणतो, 'तू मशीन लाव, कामाचं मी बघतो.' रोज 10 तास, 25 दिवस, तासाला 550 धरले तर खर्च जाऊन 40 हजार उरतात. खर्चाचा कागद सोबत जोडलाय. तीन वर्षं हाच हिशेब करतोय. मामा म्हणतात, धंदा आपल्या रक्तात नाही. रात्री झोप येत नाही. माझ्यात ते आहे की नाही, एकदाचं सांगून टाका. – व., भोसरी"

प्रिय व.,

रक्ताचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण त्यात तुमची तीन वर्षं गेली आहेत. उद्योजक जन्मावा लागतो का, हे तपासायला डेव्हिड मॅक्लेलंड हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ 1960 च्या दशकात आंध्रातल्या काकिनाड्यापर्यंत आले होते. तिथल्या छोट्या व्यावसायिकांना त्यांनी काही दिवसांचं प्रशिक्षण दिलं: ध्येय कसं ठरवायचं, जोखीम कशी मोजायची. पुढच्या काळात हे लोक प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा धंद्यात जास्त हालचाल करताना दिसले. अलीकडे आफ्रिकेतल्या टोगो देशात दीड हजार छोट्या व्यावसायिकांवर प्रयोग झाला, तो 2017 साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचं हिशेब-मार्केटिंगचं शिक्षण दिलं. दुसऱ्याला शिकवलं ते असं: सांगायची वाट न पाहता स्वतः सुरुवात करणं, पुढच्या अडचणी आधी हेरणं, अडलं तरी रेटणं. दुसऱ्या गटाचा नफा 30 टक्क्यांनी वाढला. पहिल्याचा 11 टक्के वाढला, पण तो योगायोगही असू शकतो इतका कच्चा होता. सवयी शिकवता येतात एवढं यातून घ्या, आणि मामांना नमस्कार सांगा.

मॅक्लेलंड यांचा आणखी एक प्रयोग तुमच्या जास्त कामाचा आहे. खुंटीवर कडी फेकायची, अंतर ज्याचं त्याने निवडायचं. काही जण खुंटीला चिकटून उभे राहत, काही इतके लांब की कडी पडली तर नशिबानेच. ज्यांना काही करून दाखवायची ओढ जास्त होती ते मधलं अंतर निवडत: नेम चुकू शकतो, पण सरावाने सुधारतो. तुम्ही तीन वर्षं दोनच जागांचा विचार करताय, 13 वर्षांची नोकरी किंवा 18 लाखांची उडी. मधे उभं राहायला जागा आहे हे तुमच्या पत्रात कुठेच येत नाही.

आता तुमचा कागद. बेरीज बरोबर आहे: हप्ता 26,700, गाळा 18,000, ऑपरेटर 22,000, वीज 12,000, टूल-इन्सर्ट-कूलंट-दुरुस्ती 12,000, टेम्पो आणि अकाउंटंट वगैरे 6,000; एकूण 96,700. जमा 250 तास गुणिले 550, म्हणजे 1,37,500. उरले 40,800. दर तुम्ही जपून धरलाय, खर्चही लपवलेला नाही. गडबड आहे ती 250 या आकड्यात. हुशार माणसाचा आशावाद बहुतेक वेळा तासांतच दडतो, कारण तिथे तो कुणाला दिसत नाही, त्याला स्वतःलाही नाही.

रोज तुमच्या डोळ्यांसमोर होतं तेच घ्या. 40 नगांची बॅच, सायकल टाइम (एका नगाचा वेळ) 12 मिनिटं: कटिंग 8 तास. आधी सेटिंग (जॉब आणि टूल मशीनवर बसवणं) 3 तास, मग पहिला पीस मंजूर होईपर्यंत 2 तास मशीन उभं. मशीन 13 तास अडकलं, बिल 8 तासांचं. कंपनीत हे उभे तास कंपनीच्या खात्यावर जातात, म्हणून सुपरवायझर ओरडला तरी ते तुम्हाला बोचले नाहीत. शिवाय मटेरियल उशिरा येणं, लाइट जाणं, स्पिंडलचा आवाज बदलणं, आणि सरळ काम नसणं. पहिल्या वर्षी 150 विकलेले तास धरा.

वीज आणि टूलिंग तासांबरोबर कमी होतं, तासामागे सुमारे 96 रुपये. बाकीचे 72,700 मशीन चालो न चालो द्यावेच लागतात. म्हणजे 550 मधले 454 हातात राहतात. 150 तासांना 68,100 येतात. महिन्याला 4,600 तूट, आणि घरात एक रुपया नाही. धंदा स्वतःच्या पायावर उभा राहतो 160 तासांना. तुमच्या घरचे 45 हजार निघायला 259 तास विकावे लागतात, आणि एका पाळीत आहेतच 250. दुसरी पाळी लावली तर आणखी एक ऑपरेटर, मग आकडा 308 वर जातो. दोन पाळ्यांच्या 500 तासांत 62 टक्के वापर झाला तर तो कसाबसा गाठता येतो. तेव्हा हा धंदा पहिल्यापासून दोन पाळ्यांचा आहे, आणि दोन पाळ्यांचं काम एका मित्राच्या शब्दावर येत नाही.

ऑपरेटर न ठेवता मीच मशीनवर उभा राहीन, असं तुमच्या मनात येईल. आकडा 211 तासांवर उतरतो, खरं आहे. पण मग दुसऱ्या ग्राहकाकडे कोण जाणार? जॉबवर्कच्या, म्हणजे दुसऱ्यांचे पार्ट करून देण्याच्या धंद्यात कारागीर मालकाचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मशीनवर तो उस्ताद असतो, तिथे त्याला बरं वाटतं. ऑफिसबाहेर ताटकळणं, दर सांगणं, नकार ऐकणं यात त्याला कमीपणा वाटतो. म्हणून काम नसलं की तो फिक्स्चर साफ करतो, कूलंट बदलतो, दिवसभर दमतो, आणि ग्राहकाला फोन मात्र करत नाही. त्याला हे काम केल्यासारखंच वाटतं.

रोख पैशाचं बघू. पहिल्या महिन्याचं बिल महिनाअखेर लागलं आणि 60 दिवसांनी पैसे आले, तर पहिली जमा तिसरा महिना संपताना. तोवर 150 तासांच्या हिशेबाने धंद्याचे 2,61,300 आणि घराचे 1,35,000, म्हणजे जवळजवळ 4 लाख जातात. 6 लाख मार्जिनला, म्हणजे मशीनमधल्या स्वतःच्या हिश्श्याला दिल्यावर तुमच्याकडे उरतात 3. चांगलं काम मिळूनही तिसऱ्या महिन्यात तुम्ही सोनं गहाण ठेवायला निघाल. पीएफचं नावही काढू नका.

मग झोप का येत नाही? कारण मनात दोन वेगळे अंदाज एकाच वेळी चालू आहेत. दिवसा वहीत आशावाद चालतो. तो तुमच्या एकट्याचा नाही: 1988 मध्ये अमेरिकेत 2,994 नव्या उद्योजकांना स्वतःच्या यशाची शक्यता विचारली, तर 81 टक्क्यांनी दहापैकी सात किंवा जास्त सांगितली आणि 33 टक्क्यांनी चक्क दहापैकी दहा. तयारी कमी असलेल्यांचा भरवसाही तितकाच होता. रात्री अंथरुणात मात्र दुसरा हिशेब लागतो. कानमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार हातातलं गमावण्याचं दुःख तेवढंच मिळवण्याच्या आनंदापेक्षा साधारण दुप्पट भरतं. 48 हजारांचा पगार जाणं हे 96 हजार मिळण्याइतकं मोठं दिसतं, म्हणून तुम्ही सकाळी उठून पुन्हा कंपनीच्या गेटवर. दोन्ही अंदाज खोलीत बसून केलेले आहेत. एकाही ग्राहकाचा हात त्यांना लागलेला नाही. आणखी तीन वर्षं विचार केलात तरी ते तसेच राहतील.

आत्मविश्वास येतो कुठून यावर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी 1977 मध्ये चार वाटा सांगितल्या: स्वतः काही तडीस नेणं, आपल्यासारख्या माणसाला ते करताना बघणं, कुणी धीर देणं, आणि शरीराची-मनाची स्थिती. सगळ्यात पक्की पहिली, आणि धीर देणारे शब्द फार टिकत नाहीत. व्याख्यानाला जाऊन आलेला जोर आठवड्यात ओसरतो त्याचं कारण हेच. आमचा 'हो, तुमच्यात आहे' हा शब्दही तितकाच टिकला असता, म्हणून तो देत नाही.

तर सल्ला: मशीन आत्ता घेऊ नका. नोकरीही आत्ता सोडू नका. मशीनऐवजी मशीनचे तास विकत घ्या.

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात एका पाळीत चालणारी, रात्री बंद असलेली व्हीएमसी आहेत. अशा एखाद्या मालकाशी तासाच्या दराने किंवा बॅचवर बोलणी करा. 550 ला काम घेऊन 400 ला मशीन मिळालं, तर वरच्या 150 मधून टूल आणि टेम्पो गेल्यावर फारसं उरणार नाही. उरणार नाही असंच धरून चाला. या सहा महिन्यांत कमवायची गोष्ट वेगळी आहे: किती कोटेशनं दिली, किती लागली, किती नग रिजेक्ट झाले, पैसे किती दिवसांनी आले. तुमच्या 18 लाखांच्या कागदात नेमके हेच चार आकडे नाहीत.

नोकरी ठेवून सुरुवात करणाऱ्यांवर रॅफी आणि फेंग या अभ्यासकांचं 2014 मधलं काम आहे. आधी जोडीला धंदा करून मग पूर्णवेळ शिरलेल्यांचा धंदा बंद पडण्याचा धोका थेट उडी मारणाऱ्यांपेक्षा 33 टक्के कमी होता. असे लोक मुळात सावध असतात, तेव्हा सगळं श्रेय या वाटेला देऊ नका. पण सावध तर तुम्हीही आहात. मामांसाठी आपल्याकडचं उदाहरणही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असतानाच सायकली विकत घेऊन बेळगावला भाऊ रामूअण्णांकडे विक्रीला पाठवायचे. नोकरी सुटली ती त्यानंतर.

एक पथ्य कडक पाळा. नेमणूकपत्र काढून बाहेरच्या कामाबद्दलचं कलम वाचा. कंपनीचं ड्रॉइंग, प्रोग्रॅम, ग्राहक, कंपनीचा वेळ, यातलं काहीही वापरायचं नाही. कलम पूर्ण बंदीचं असेल तर लेखी परवानगी मागा; ती नाकारली गेली तर उद्योग पत्नीच्या नावावर दाखवण्याची पळवाट शोधू नका, नोकरी बदलण्याचा विचार करा. चोरून केलेल्या धंद्यात माणूस ग्राहकाला ताठ मानेने दर सांगू शकत नाही.

मित्राचं म्हणाल तर त्याचा शब्द प्रामाणिक असेलही. पण परचेसमधला माणूस बदली होतो, कंपनी सोडतो, वरचा साहेब वेगळा व्हेंडर आणतो. त्याला एवढंच म्हणा: "अरे, मशीन लावायच्या आधी दोन पार्टची ड्रॉइंग पाठव, मी रेट देतो. पटला तर 50 नगांची ट्रायल पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) काढ." ड्रॉइंग आलं तर दार उघडं आहे. महिनाभर 'पाठवतो, पाठवतो' चाललं तर तुमच्या हिशेबात त्याचं काम शून्य. मैत्री ठेवा, आकडा खोडा. आणि पुढेही एका ग्राहकाचं काम एकूण कामाच्या निम्म्यावर जाऊ लागलं की नवा ग्राहक शोधायची वेळ उलटत चालली आहे असं समजा.

आता पैसे मागणं. तुम्ही विचारलं नाही, पण बारकाईने सांगतो, कारण पगारदार माणूस धंद्यात सगळ्यात जास्त इथे अडखळतो. तेरा वर्षं ठरलेल्या तारखेला न मागता पैसे खात्यात आले. आता स्वतःच्याच पैशासाठी फोन करायचा तर ते उसने मागितल्यासारखं वाटतं. मग माणूस फोन पुढे ढकलतो, 70 दिवस झाले की चिडतो, आणि एक दिवस फोनवर तोल जाऊन ग्राहक तुटतो. हे टाळायला धीट स्वभाव लागत नाही, वेळापत्रक लागतं. मनाशी 'वेळेवर वसुली करीन' म्हणून काही होत नाही. 'अमुक झालं की तमुक करीन' असं आधी ठरवलेलं मात्र बरंच पाळलं जातं, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांच्या अभ्यासातून वारंवार दिसलंय.

ते असं बसवा. पीओवर पेमेंटची मुदत छापलेली असल्याशिवाय माल उचलायचा नाही. बिल गेल्याच्या दुसऱ्या दिवशी अकाउंट्सला फोन: "साहेब, बिल नंबर अमुक पोचलं का? काही क्वेरी आहे का?" हा पैसे मागायचा फोन नाही, म्हणून जड जात नाही, पण अर्धी बिलं याच टप्प्यावर कुणाच्या तरी टेबलावर पडून असतात. तिसाव्या दिवशी खाते उतारा ईमेलने. चाळिसाव्या दिवशी: "साहेब, पेमेंट रन कोणत्या तारखेला आहे? आपलं त्यात धरलंय ना?" पन्नासाव्या दिवशी पुढचा लॉट सुरू करण्याआधी परचेसला सांगायचं की आधीचं क्लिअर झाल्यावर मशीन लावतो. हे शेवटचं वाक्य तोंडातून निघत नाही, म्हणून ते कागदावर लिहून वाचा. आणि अकाउंट्सचे फोन पत्नीकडे द्या. त्या बी.कॉम. आहेत, हिशेब त्यांना कळतो. शिवाय नग पास करून घेण्यासाठी ज्याच्याशी गोड बोलायचं, त्याच कंपनीकडे पैशाचा तगादा लावायचा, ही ओढाताण एका माणसाच्या डोक्यातून निघून जाते.

वसुलीला कायद्याचा आधार हवा म्हणून पहिल्या कामाआधीच उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करून घ्या. ती ऑनलाइन आणि मोफत आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. 2023 च्या वित्त कायद्याने आयकरातही अशी तरतूद आली की मुदतीत न दिलेली रक्कम ग्राहकाला प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी खर्च म्हणून धरता येते. त्यामुळे मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करू लागले आहेत. बिलावर उद्यम क्रमांक छापा. याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे तक्रारीचा रस्ता आहे, पण तो त्या ग्राहकाशी पुन्हा काम करायचं नसेल तेव्हाचा.

सहा महिन्यांनी मशीन घ्यायचं की नाही ते तीन गोष्टींवर ठरवा: किमान तीन ग्राहकांचे मिळून महिन्याला 160 तासांचे पीओ सलग तीन महिने, पैसे येण्याचा सरासरी काळ 60 दिवसांच्या आत, आणि मार्जिन सोडून 5 लाख वेगळे. दोन जमल्या आणि एक नाही, तर आणखी तीन महिने. तारणाशिवाय कर्ज सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांसाठीच्या पतहमी निधीच्या हमीवर मिळू शकतं, पण ती हमी बँकेला असते, तुम्हाला नाही. कर्ज तुमच्याच डोक्यावर राहतं. बँकेतला माणूस हे वाक्य घाईत गाळतो.

आणि मशीन येण्याआधी थांबायची रेघ लिहून ठेवा: किती रुपये गेले की थांबणार, कोणत्या तारखेला. तोट्यात गेलेला माणूस आपला आधीचा निर्णय बरोबर होता हे दाखवण्यासाठी त्याच खड्ड्यात आणखी पैसा ओततो, जाणकारही ओततात. म्हणून रेघेवर पत्नीची सही घ्या, आणि रेघ एकदाच आणि फक्त हातात आलेल्या नव्या पीओच्या जोरावर पुढे सरकेल असं त्यातच लिहा. 'पुढच्या महिन्यात नक्की' यावर नाही. घर तारण आणि खासगी सावकार या दोन गोष्टी रेघेच्या पलीकडच्या, त्यावर चर्चाच नको.

झोपेचं हलक्यात घेऊ नका. काम सुरू झालं की ती सुधारते का बघा. दोन आठवडे झोप, भूक आणि कामातलं लक्ष तिन्ही बिघडलेलं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

या गुरुवारी तुमची आठवड्याची सुट्टी असेल. वीस कंपन्यांची यादी करा, पाच जणांना फोन करा, ड्रॉइंग मागा. आलेल्या पहिल्या ड्रॉइंगला दर देताना सेटिंगचे पैसे नगाच्या दरात मिसळू नका, वेगळी ओळ लावा. ग्राहक 200 नग म्हणून दर घेतात आणि पहिला लॉट 30 चा काढतात. मिसळलेलं सेटिंग तिथेच बुडतं.